चिठ्ठी नसलेला रुपया

माझं लग्न दुसरेपणावरचं. चिंचवडला सासरी पाऊल ठेवलं त्याच दिवशी सासूबाईंनी काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक टाक माझ्या गळ्यात घातला. आधीच्या बायकोचा टाक. दुसरेपणावर आलेल्या बाईनं तो घालायचा, अशी त्यांच्याकडची रीत. अंगठ्याच्या नखाएवढ्या पत्र्यावर सोनारानं बाईची आकृती ठोकली होती: दोन डोळे, डोक्यावर पदर, कपाळावर ठिपका. नवं लुगडं आलं की ते आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. आंबा कापला की पहिली फोड त्याला दाखवायची, मग आपण खायची. असं केलं की गेलेली रुसत नाही आणि आलेलीला त्रास देत नाही, असं सासूबाई म्हणायच्या.

मी खेडच्या शाळामास्तरांची मुलगी, मॅट्रिकपर्यंत शिकलेली आणि जिभेची तिखट. पण त्या दिवशी तोंडातून ब्र काढला नाही. बाविशी उलटून गेलेल्या मुलीला त्या काळात फार तोंड नसायचं. मनात मात्र एक गोष्ट पक्की होती. या घरात काही तरी माझं एकटीचं असावं, ज्यावर आधी दुसरीचा हात लागलेला नसेल.

नवरा वैमानिक. मुंबईहून उतारूंची विमानं घेऊन जायचे, आठवड्यातून दोन-तीन दिवस घरी असायचे. इतर माणसं सुट्टीला पाय पसरून झोपतात. हे सायकल काढून पुण्याच्या क्लबात जायचे आणि तिथलं दोन माणसांचं छोटं विमान उडवायचे. सुताराने सुट्टीच्या दिवशीही रंधा मारत बसावं, तसं. मी एकदा विचारलं, की पोटासाठी उडता ते पुरत नाही का? तर म्हणाले, तिथे मी गाडी हाकतो, इथे उडतो. हौसेला मोल नाही म्हणतात, ते खोटं नाही.

दुसरी हौस जुन्या नाण्यांची. तेव्हा पिंपरीच्या माळावर कारखान्यांचे पाये खणायला सुरुवात झाली होती. मजुरांना मातीत काही सापडलं तर ते ह्यांच्यासाठी ठेवत. चाकणला किल्ल्याच्या आसपास नांगरट झाली की शिवराया, म्हणजे शिवकाळातली तांब्याची नाणी, वर यायच्या. तिथल्या बाजारात एक अत्तारचाचा होते. हिरडा, बेहडा, सुरमा, अत्तर विकायचे, आणि गिऱ्हाइकानं दिलेला एखादा घासलेला तांब्याचा पैसा ह्यांच्यासाठी डब्यात टाकून ठेवायचे. हे गेले की चाचा आधी चहा सांगायचे, मग डबा पालथा करायचे. दोघं तासन् तास अक्षरं लावत बसत. एकाला मोडी यायची, दुसऱ्याला फारसी.

घरी आल्यावर प्रत्येक नाण्याला कागदाची चिठ्ठी. कुठे मिळालं, कोणाच्या राज्यातलं, वजन किती. सागवानी पेटीत खणाखणांनी मांडलेलं सगळं. मी चांगल्या अक्षरात चिठ्ठ्या लिहून द्यायचे, तेवढंच आमचं एकत्र बसणं. टाकाची मात्र ते थट्टा करायचे. आमची आई मेलेल्या माणसालाही पहिल्या पंगतीला बसवते, म्हणायचे. मी हसायचे, पण मनात खुपायचं. दोन वर्षांच्या संसारानंतर ती बाई विषमज्वरानं गेली, हे मला शेजारणीनं सांगितलं होतं. ह्यांच्या तोंडून तिच्याबद्दल एक अक्षर कधी आलं नाही. माझ्या गळ्यात ती चोवीस तास होती आणि त्यांच्या बोलण्यात क्षणभरही नव्हती. ज्या माणसानं एवढं घट्ट दार लावून घेतलंय त्याच्या घरात मी शिरणार कुठून, असं वाटायचं.

पहिल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका सकाळी ह्यांनी पेटी उघडली. चांदीच्या नाण्यांचा खण सगळ्यात खाली होता, तो एरवी कधी उघडत नसत. चाचांनी एक घासलेला अंकुशी रुपया दिला होता, पेशवाईतला, हत्तीच्या अंकुशाची खूण असलेला. तसाच एक आपल्याकडे आहे, शेजारी ठेवून बघू, असं म्हणत त्यांनी खालचा खण ओढला आणि ते थांबले. सगळी नाणी जागच्या जागी होती. कोपऱ्यातली एक जागा रिकामी होती.

त्यांनी मला विचारलं, मी नाही म्हटलं. मग सासूबाईंना विचारलं. त्या परसात तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली न ठेवताच त्यांनी सांगितलं.

"त्यो व्हय? त्यो म्या सोनाराला दिला. टाक करायला चांदी नको का? समद्यांना चिठ्ठ्या हायेत, त्याला एकट्याला न्हवती. म्हटलं, बिनकामाचा असंल."

ह्यांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. ते तडक आत आले, पेटी बंद केली आणि ओसरीवर जाऊन भिंतीला टेकून बसले. जेवायला उठले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, एका रुपयापायी अन्नावर राग काढतोय. मला कळेना, शेकड्यांनी नाणी असलेला माणूस एका रुपयासाठी असा का बसावा. पण ज्या रुपयासाठी बसला होता तो माझ्या गळ्यात होता. मी मनाशी म्हटलं, बरं झालं. निमित्त मिळालं. दोरा डोक्यावरून काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"हा घ्या," मी म्हणाले. "तुमचा आहे, तुमच्या पेटीत ठेवा. मला नको."

त्यांनी टाक हातात घेतला. नाण्याकडे बघतात तसं उजेडाकडे तिरपं धरून बराच वेळ बघितलं. मला वाटलं, अंकुशाची खूण कुठे राहिलीय का ते शोधताहेत. मग ते बोलू लागले, माझ्याकडे न बघता.

तो रुपया तिचा होता. तिच्या माहेरच्या देव्हाऱ्यातला. नवऱ्याला जुन्या नाण्यांचं वेड आहे असं कळल्यावर पहिल्या दिवाळीला ती तो पदराच्या गाठीत बांधून घेऊन आली आणि म्हणाली, तुमच्या त्या तांब्याच्या चकत्यांत हा एक तरी चमकेल. त्याच्यावर काय लिहायचं, त्यांना सुचलं नव्हतं. कुठे मिळाला आणि वजन किती, एवढं लिहून भागणारं ते नाणं नव्हतं. म्हणून चिठ्ठी नाही. पुढे म्हणाले, तिला एकदा विमानातून फिरवून आणायचं कबूल केलं होतं. ती रोज विचारायची, आपलं घर वरून केवढं दिसतं? पाऊस जाऊ दे, हिवाळा येऊ दे, असं म्हणत राहिलो. हिवाळा आला तेव्हा ती नव्हती.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. मला त्या बाईचा हेवा वाटला, हे लपवत नाही. त्याच वेळी तिच्यासाठी पोटात तुटलंही. आजवर ती माझ्यासाठी पत्र्यावरचे दोन डोळे होती. आता ती पदराला गाठ मारून दिवाळीला येणारी, घर वरून केवढं दिसतं असं विचारणारी, माझ्याच वयाची मुलगी झाली.

टाकाचं काय करायचं, मी विचारलं. ते म्हणाले, आटवलेलं नाणं पुन्हा नाणं होत नाही. तुला जड होत असेल तर देव्हाऱ्यात ठेव. मी तो परत गळ्यात घातला. का घातला, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पाऊस संपला तसं एक दिवस ते म्हणाले, उद्या क्लबात चल, मी परवानगी काढलीय. सासूबाईंनी दहीसाखर हातावर ठेवली आणि दिवसभर देव पाण्यात घालून बसल्या. मी मात्र मोहरून गेले होते. जे मला हवं होतं ते हेच, असं वाटलं. ती कधी विमानात बसली नव्हती. ही एक गोष्ट तरी माझी पहिली.

विमान वरून उघडं होतं. मला पुढच्या जागेवर पट्ट्यांनी बांधलं, हे मागे बसले. डोक्याला कातडी टोपी, तिच्या कानाला रबरी नळी जोडलेली. मागून ते नळीत बोलले की मला ऐकू यायचं, एरवी इंजिनाच्या आवाजात काही नाही. विमान उठलं तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले. बऱ्याच वेळानं नळीतून आवाज आला. पवना मागे गेली, आता पुढे इंद्रायणी, अलीकडे मोशी. लांब मातीचा चौकोन दिसेल, तो चाकणचा किल्ला. आता वळतो, म्हणजे उजवीकडे चिंचवड. आपलं घर दिसेल.

मी डोळे उघडायच्या बेतात होते.

"थांब," ते म्हणाले. "आधी तिला दाखव."

मला राग आला. आंबा तिला आधी, लुगडं तिला आधी, आणि आता आभाळसुद्धा. आईच्या रितीला हसणारा माणूस तीच रीत मला सांगत होता. मी मागे वळून काही तरी बोलणार होते. पण पट्ट्यांमुळे वळता येईना, आणि तेवढ्यात नळीतून त्यांचा श्वास ऐकू आला. हुंदका दाबताना येतो तसा. पुढे बसलेल्या बाईला तो ऐकू जातोय, हे त्यांच्या ध्यानात नसावं.

मी पदराखालून टाक काढला, दोरा बोटाला गुंडाळला आणि विमानाच्या कडेवरून हात बाहेर काढून तिचं तोंड खाली केलं. वाऱ्यानं हात मागे ओढला जात होता. डोळे मिटलेलेच ठेवून मी तो घट्ट धरून ठेवला, तिचं पोटभर बघून होईल इतका वेळ.

मग मी पाहिलं.