पोळपाटाखालच्या झडपा

सांडव्याचा आवाज जवळ आला आणि इंजिन बंद पडलं. अंबाझरी तलाव भरून वाहत होता. वारा पडलेला, शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबत होतं आणि नाव आपसूक सांडव्याकडे सरकायला लागली... नावेत माझी लेक शोभी. सातवा महिना, हिरवी साडी, दंडावर फुलांचे गजरे.

मी चौथी शिकलेली बाई. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी घडलं ते सांगते.

डोहाळजेवण नावेतच करायचं हा विहीणबाईंचा हट्ट. नाव एका वकीलसाहेबांची. तिचं डिझेल इंजिन आमचे हे सांभाळत — वाडीला ट्रकचे मेकॅनिक होते. टाकी नावेच्या तळाला, इंजिन वर. मधला पंप तेल चढवी. वकीलसाहेबांना विजेवरचा पंप पाहिजे होता. ह्यांनी ट्रकचाच बसवला, हाताने दाबायची दांडी असलेला. म्हणाले, "बॅटरी मरते साहेब, हात नाई मरत." आदल्या दिवशी तो खोलून आमच्याच स्वयंपाकघरात धुतला होता.

आता हे दांडी दाबत होते आणि ती नुसतीच खालीवर होत होती. फिल्टरात होतं तेवढं तेल इंजिन पिऊन बसलं होतं.

विहीणबाई ह्यांना म्हणाल्या, "इवाई, तुमच्या हातापेक्षा बॅटरी बरी होती."

हे नुसते दांडी दाबत राहिले. एरवी टोमणा ऐकून घेणारा माणूस नाही. तेव्हा मी घाबरले.

"सरका तिकडं," म्हणून मी दांडी धरली. शोभीने माझ्या हातावर हात ठेवला. "माय, दोघी दाबू."

दोनदा काही नाही. मग दांडीने उलट जोर केला... पोटातलं लेकरू लाथ मारतं ना, तसा. तेल चढलं. ह्यांनी हवा काढून हँडल मारलं आणि इंजिन धडधडलं! काठाला लागल्यावर आम्ही वेड्यासारख्या हसलो. शोभीने भरीत-भाकर पुन्हा मागून खाल्ली.

तिला डोहाळे भाकरीचेच होते, म्हणून दोन दिवस घरात पोळी लाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पोळपाट उचलला, तर खाली फडक्यात दोन बारीक झडपा.

ह्यांनी बघताच ओळखल्या. चढलेलं तेल मागे फिरू नये म्हणून पंपात असतात त्या. हरवू नयेत म्हणून ह्यांनीच तिथे ठेवल्या आणि बसवायच्या विसरले.

"याच्याबिगर तेल चढतच नाई वं," म्हणाले.

तसेच तलावावर गेले. पंप उघडला — झडपांची जागा रिकामी. तसाच मिटून दांडी दाबत बसले. थेंब चढला नाही.

विहीणबाई म्हणत, नातवाने आतून जोर लावला. झाली नात. मला मात्र अजून काही समजलेलं नाही.

नावेत आम्ही चौघं होतो. चौघंही वाचलो. पाचवी दोन महिन्यांनी जन्मली.