वार सांगा

“‘या एकदा’ नाही चालणार. वार सांगा.”

असं म्हणून वहिनी समोर उभ्या राहायच्या आणि वार कळेपर्यंत हलायच्या नाहीत. मी पुण्याचा. आमच्याकडे ‘या एकदा’ हे निरोप घेण्याचं वाक्य आहे. ते ऐकून कोणी खरंच आलं तर घरात धावपळ उडते, हे तुम्हालाही ठाऊक असेल. वहिनी नागपूरच्या. तिकडे या म्हटलं की माणूस येतो आणि जेवूनच जातो. ओटावाच्या पश्चिमेला, कनाटात, आमची घरं एकाच गल्लीत होती आणि त्यांचे यजमान माझ्याच ऑफिसात. ओळख झाल्या झाल्या मी ग्रोसरीच्या दुकानात ते वाक्य बोलून बसलो आणि शनिवारी बायकोला पुरणपोळ्या लाटाव्या लागल्या.

कॅनडाला येण्याआधी ही मंडळी बरीच वर्षं इंग्लंडात, डॉर्सेट काउंटीतल्या एका खेड्यात होती. काउंटी म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. वहिनींना आठवायची ती मेंढ्यांची कुरणं, दुपारीच निघून जाणारी एकुलती एक बस आणि कुंपणापलीकडची शेजारीण. ही बाई रोज गोड हसून म्हणायची, एकदा चहाला या हं. वहिनींनी वर्षभर वाट पाहिली. मग एका दुपारी ठेवणीतली साडी नेसून, डबाभर करंज्या घेऊन त्या स्वतःच गेल्या. बाईने दार अर्धं उघडलं, तिथंच उभं करून पावसापाण्याचं बोलली, डबा घेतला, भेटून छान वाटलं म्हणाली आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी डबा पायरीवर परत आला, करंज्यांसकट.

हे सांगताना वहिनी कधी रडल्या नाहीत. “कधीतरी फेडीन, भाऊजी,” एवढंच म्हणायच्या. यजमान म्हणायचे, सोडून दे आता. त्यांना सोडून देणं छान जमायचं. मी मात्र वहिनींना तसं कधी म्हटलं नाही. ज्याच्या तोंडावर दार लागलं, त्यानेच काय ते ठरवावं.

एका हिवाळ्यात त्यांच्या समोरच्या घरात इंग्रज जोडपं राहायला आलं. बाई नेमकी डॉर्सेटची. वहिनी फावड्याने बर्फ उपसून ड्राइव्हवे शोव्हल करत होत्या, मी शेजारी माझा करत होतो. बाईने हात हलवून तेच वाक्य म्हटलं, एकदा चहाला या.

“विच डे?” वहिनींनी विचारलं.

बाई गोंधळली. मग म्हणाली, गुरुवारी, तीन वाजता.

गुरुवारी मी घरून काम करत होतो. दुपारी वहिनींचा फोन आला, या म्हणून. जाऊन पाहतो तर त्या घरातल्याच गाउनमध्ये खिडकीशी खुर्ची टाकून बसलेल्या. समोरच्या घरात टेबलावर कप मांडलेले दिसत होते. बाई मधूनमधून काचेशी येऊन रस्ता बघायची. वहिनींनी मला चहा दिला, स्वतःही घेतला.

अंधारून आल्यावर बाई झाकलेली ताटली घेऊन बर्फ तुडवत आली. तुम्हाला बरं नाही का, म्हणून विचारायला. वहिनींनी दार अर्धं उघडलं. थंडी फार आहे म्हणाल्या, रविवारी अजून बर्फ पडेल म्हणाल्या. बाई कुडकुडत हो हो करत राहिली.

“लव्हली टू सी यू,” वहिनी म्हणाल्या, ताटली घेतली आणि दार लावलं.

खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. माझाच जीव थंड झाला. दुसऱ्या दिवशी वहिनी ती ताटली समोरच्या पायरीवर ठेवून आल्या, केकसकट. त्यानंतर त्या बाईने आमच्या गल्लीत कोणालाच चहाला बोलावलं नाही.

उन्हाळ्यात यजमानांना कॅलगरीत नोकरी लागली. विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. यजमान बॅगांच्या मागे होते, तेव्हा मी वहिनींना विचारलं, त्या दिवशी समाधान झालं का?

“झालं नं. त्या रात्री कित्येक वर्षांनी गाढ झोपले.” त्यांनी पर्स खांद्याला अडकवली. “पण बाई ती नव्हती, भाऊजी.”

आणि त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.