माझा वैरी मुनशीचाचा

मुनशीचाचाचा आवाज ऐकला की माझं डोकं दुखायला लागायचं, आणि तो आवाज कचेरीच्या फाटकातूनच सुरू व्हायचा. रामराम नाही, सलाम नाही. माझ्या टेबलावर अर्ज आपटायचा आणि म्हणायचा, "पोच द्या." बसा म्हटलं तर म्हणायचा, "बसायला न्हाई आलो."

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी नगर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत ओव्हरसियर होतो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. कुणाला घर बांधायचं असलं की नकाशा आणि अर्ज माझ्याकडे यायचा. भिंत कुठे येते, मोरीचं पाणी कुठे जातं, पायरी गल्लीत किती घुसते, हे बघून मी शेरा मारायचो. गावातले ठेकेदार म्हणजे बहुतेक गवंडीकाम करता करता ठेकेदार झालेली माणसं. उन्हातान्हाला भीत नसत, कागदाला भीत. त्यांचे कागद मुनशीचाचा करायचा. पूर्वी तो मामलेदार कचेरीत कारकून होता. तिथूनही भांडूनच बाहेर पडला, असं गावात सांगत.

अर्जाला महिन्याभरात उत्तर गेलं नाही तर परवानगी मिळाली असं धरावं, असा तेव्हा कायदा होता. हा कायदा चाचानं हत्यारासारखा वापरला. माझ्यावर कामाचा डोंगर असेल तेव्हाच नेमका तो अर्ज आणायचा. महिना उलटला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा ठेकेदार पाया खणायला हजर. मी धावत जावं, तर चाचा चुन्याच्या ढिगाशेजारी छत्री टेकून उभा. "साहेब, कायद्यानं हुकूम दिला. तुमी झोपला हुता."

मीही सोडत नव्हतो. एकदा संडासाची जागा विहिरीजवळ दाखवली म्हणून मी त्याचा नकाशा तीन वेळा परत केला. चौथ्या वेळी तो भर कचेरीत ओरडला, "भाड्याच्या खोलीत ऱ्हाता आन् दुसऱ्याच्या भिंती मोजता! सोताचं घर बांधा एकदा, मग कळंल." सगळे कारकून खाली मान घालून हसले. ते मला फार लागलं. संडासाची जागा मात्र त्यानं बदलून आणली होती. माझ्याविरुद्ध वरती तक्रारी करणं तर त्याचा नेमच होता.

मग गावातल्या एका बड्या धान्यवाल्याचं प्रकरण आलं. त्याला ओढ्यावर भिंत घालून दुमजली घर काढायचं होतं. पावसाळ्यात त्या ओढ्याचं पाणी अडलं असतं तर वरची सगळी वस्ती बुडाली असती. मी नकार दिला. धान्यवाल्यानं थेट लिहून दिलं की ओव्हरसियरनं लाच मागितली. चौकशीला नगरहून साहेब आले. ठेकेदारांना विचारलं तर कुणी तोंड उघडेना. धान्यवाल्याची घरं सगळ्यांनाच बांधायची होती. शेवटी धान्यवाल्यानं आपला हुकमी साक्षीदार पुढे केला, मुनशीचाचा. मला वाटलं, संपली आपली नोकरी. कदाचित तिकडेच राहायला यावं लागेल, असं बायकोला मी आदल्या दिवशीच माहेरी कळवायला सांगितलं होतं.

चाचा उभा राहिला. "हा मानूस लई खडूस हाय," त्यानं सुरुवात केली. "तिरसट हाय. वीतभर पायरीसाठी मला महिना महिना नाचवलंय. ह्याचं तोंड बघितलं की माझं जेवन जात न्हाई." धान्यवाला खूश होऊन मान हलवत होता. "पन लाच?" चाचा त्याच्याकडे वळला. "शेट, हा खानारा असता तर माझं एवढं आयुष्य ह्याच्याशी भांडन्यात गेलं असतं व्हय?"

साहेबांनी कागद मिटले. ओढा मोकळा राहिला, मीही राहिलो.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्यानं दारातूनच विचारलं, "काय काम?" मी आभार मानू लागलो, तर म्हणाला, "तुमच्यासाठी न्हाई बोललो. उद्या माझ्या कागदावर कोन इश्वास ठेवंल, ते बघितलं." आणि दार लावून घेतलं. पुढच्याच आठवड्यात माझ्याविरुद्ध त्याची नवी तक्रार वर गेली.

स्वातंत्र्यानंतरच्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. मी कब्रस्तानाच्या फाटकाशी उभा राहिलो. ठेकेदार माझ्याकडे बघत होते. हा कशाला आला, असंच त्यांना वाटलं असणार.

त्यानंतर माझी कचेरी शांत झाली. ठेकेदार हात जोडून येत, शेरा घेत, जात. एकदा माझ्या हाताखालच्या नव्या माणसानं दुसऱ्याच घराचा 'पायरी काढा' हा शेरा एका अर्जावर मारला. ठेकेदारानं मुकाट्यानं नवी कोरी दगडी पायरी फोडून टाकली. मला कळलं तेव्हा मी त्याला बोलावून घेतलं. "अरे, पायरी तर बरोबर होती. येऊन भांडला का नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "भांडायला चाचा हुते, साहेब. आमाला कुठं येतंय?"