गिअरबॉक्समध्ये दोष नव्हता

इथले भुताटकीचे अनुभव मी जेवण झाल्यावर वाचतो, करमणूक म्हणून. माझा धंदा जुन्या गाड्यांचा, लातूरला. समोरचा निम्मं खोटं बोलतोय हे धरूनच मी बोलणी करतो, त्यामुळे असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. पण एका क्लासवाल्या सरांनी माझं नाव बाजारात खराब केलंय. खरं काय झालं ते कुठंतरी लिहायचं होतं, म्हणून हे.

गाडी ऑटोमॅटिक होती. किल्लारीकडच्या एका काकांकडून घेतलेली. त्र्याण्णवच्या भूकंपात दगडी घर छतासकट अंगावर पडून त्यांचा डावा पाय अधू झाला होता, क्लच दाबता यायचा नाही, म्हणून ऑटोमॅटिक. आता नजरही कमी झाली, म्हणून विकत होते. गाडी आतून एकदम नीट, पण टपाचा रंग उन्हानं पार उडालेला. त्यावर बोट ठेवून मी भाव पाडला. चावी देताना काका म्हणाले, "उघड्यावर लावत जा बरं का तिला. स्लॅबखाली नको."

मला वाटलं, उडालेल्या रंगाची सबब सांगतायत.

रंग मारला आणि फिजिक्सचे क्लास घेणाऱ्या एका सरांना ती विकली. त्यांची चार मजली इमारत, खाली तळघरात पार्किंग, रस्त्यावरून खाली उतरणारा रॅम्प. थोड्याच दिवसांत सरांचा फोन — गिअर सुटतोय, ताबडतोब या.

मी भांडायच्या तयारीनंच गेलो. म्हटलं, "सर, दांडी P वर, म्हणजे पार्किंगला टाकली की आत लोखंडी दाता अडकतो. वरून हँडब्रेक. जाईल कुठं?"

"सकाळी खाली लावतो, दुपारी बघावं तर वर, रॅम्पच्या तोंडाशी उभी असते."

"वर? तुम्ही फिजिक्स शिकवता ना? गिअर सुटलेली गाडी उतारानं खाली जाते का चढानं वर?"

हे त्यांना झोंबलं. "मला शिकवू नका. इथं पोरांच्या सायकली असतात. कुणाच्या अंगावर गेली तर? दोष काढून द्या, नाहीतर परत न्या. आणि सगळ्या क्लासवाल्यांना सांगतो, तुम्ही काय गळ्यात मारता ते."

क्लासवालेच माझं मोठं गिऱ्हाईक. माझं डोकं फिरलं. ऑटोमॅटिकचा बॉक्स खोलणारा माणूस मला लातुरात माहीत नव्हता, म्हणून नांदेडहून रऊफभाईला बोलावलं. त्यानं तेल बघितलं — लाल, जळका वास नाही. स्कॅनर लावला, दोषाचा एकही कोड नाही. बॉक्सखालचा तेलाचा पॅन उतरवला. त्यातल्या चुंबकावर नेहमी असते तेवढीच लोखंडाची बारीक भुकटी, दात्याचा तुकडा नाही. गिअरची केबलसुद्धा बरोबर.

"शेठ, बॉक्स नवे के जैसा हाय. तुमचे सरच ढिले हाय."

मग मी ठरवलं, स्वतः बसून बघायचं. दुपारची वेळ. वर बॅच चालू होती, माईकवरचा सरांचा आवाज खाली येत होता. गाडी तळघरात लावली. P, हँडब्रेक, मागच्या चाकामागं दगड. इंजिन बंद करून चावी रऊफभाईच्या हातात दिली आणि मी आत बसून राहिलो.

बराच वेळ काहीच नाही. रऊफभाई खांबाला टेकून म्हणाला, "शेठ, सोना हो तो घर जाके सोव."

मी हसलो... आणि मागून खरखर आवाज आला.

दगड सरकत होता. गाडी मागं चालली होती. दांडी P वरच. मी ब्रेकवर सगळं वजन टाकलं, काही फरक नाही. आरशात रॅम्प जवळ येत होता. उडी मारावी म्हटलं, तर डावा पाय हलेना. ऑटोमॅटिकमध्ये हा पाय रिकामाच असतो — पण मांडीवर कुणी शिळा ठेवावी तसा तो दबून गेला होता. गाडी तशीच चढ चढत राहिली. डोक्यावरचा स्लॅब संपला, काचेवर ऊन पडलं... आणि गाडी थांबली. पाय सुटला.

रऊफभाई रॅम्पवरून धावत वर आला. "चाकं फिरत नव्हती, शेठ. जाम होती, घासत आली. मैं ढकलनेवाले को देखरा था... कोई नै था."

रॅम्पवर टायरचे काळे पट्टे उठले होते. बॅच सुटल्यावर सर खाली आले, पट्टे बघितले आणि म्हणाले, "दोरी लावून ओढलीत ना? दोष लपवायला?"

त्या सायकली समोर दिसत होत्या. गाडी परत घेतली.

संध्याकाळी काकांना फोन लावला. "काका, तुम्ही तिला कधी स्लॅबखाली लावली होती?"

"एकदा. पाव्हण्याकडं."

"मंग?"

"मंग काय... मला घेऊन भाईर आली."

"आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. तू रंगच बघत बसला होतास."

सर अजून सगळ्यांना सांगतात, मी खराब गिअरबॉक्सची गाडी विकली. बॉक्स चांगला होता, हे रऊफभाई कुठंही येऊन सांगेल. पण मग गाडी बाहेर का आली, असं कुणी विचारलं तर आम्ही दोघंही विषय बदलतो.

गाडी माझ्या यार्डातच आहे. गेल्या उन्हाळ्यात नवा रंगही उडायला लागला, म्हणून भीत भीत तिच्यावर पत्र्याचं शेड घातलं. त्याखाली ती राहते. एकदाही हलली नाही.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "राहणारच. भूकंपानंतर आमी किती वर्षं पत्र्याच्या शेडातच काढली."

याचा अर्थ मला लागलेला नाही. कुणाला लागला तर सांगा.