माझ्या बी.ए.ची कोकरं

आमच्या घरात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. गावातलाही पहिलाच. हे मी मिरवून सांगतो, कारण ते मिरवण्यासारखं आहे. पण ती बी.ए. मेंढरं विकून झाली, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून चालत तासाभरावर. बा आणि थोरला भाऊ मेंढरं राखायचे. वहिनी घरचं बघायची, कोकरं बघायची आणि सुगीत दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची. माझी शाळा उर्दूत सुरू झाली. मधेच निजाम गेला आणि आमच्या हातात मराठी पुस्तकं आली. मॅट्रिक झाल्यावर मी नांदेडला कॉलेजात नाव घातलं, विषय मराठी. पारावर बसलेल्यांनी मला थांबवलं.

"काय शिकिवतेत रं तिथं?"

"मराठी."

"मग आता कोंच्या भाषेत बोलायलास?"

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "वकिली न्हाई, डाक्टरी न्हाई. बोलायला शिकवायपायी मेंढरं इकायलाय ह्याचा बाप." बा तिथंच होता. घरी येईपर्यंत तो माझ्या पुढं पुढं चालला.

पहिली वर्षं घरच्या कळपावर निघाली. शेवटच्या वर्षी मात्र दुष्काळी उन्हाळा गेला, कळप रोडावला आणि फीला विकावं असं काही उरलं नाही. उरल्या होत्या त्या वहिनीच्या तीन मेंढ्या. तिच्या बापानं पोखर्णीहून लग्नात आंदण दिलेल्या. त्यांच्या कानाची खूणही वेगळी. आमच्या मेंढ्यांच्या उजव्या कानाला चीर, तिच्या मेंढ्यांच्या डाव्या. त्यांना हात लावायचा बाचाही अधिकार नव्हता, आणि बानं विषय काढलाही नाही. वहिनीच भाकरी थापता थापता बोलली.

"माझ्या तिघी न्या बाजारला."

भाऊ म्हणाला, "पैसं देईल तो तुला, नोकरी लागल्यावर."

"पैसं नगं." तिनं माझ्याकडं पाहिलं. "भावजी, पैसा ठिवला तर तितकाच ऱ्हातो. मेंढी विती. मी तुमाला नुस्त्या तीन मेंढ्या दिल्या न्हाईत, त्यांची लेकरंबाळं बी दिलीत. तेवढं ध्यानात ठिवा."

मी परीक्षेला बसलो आणि पास झालो. पण नोकरी लागेना. तेव्हाच आमचा मुलूख हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात गेला होता. माझी दरखास्त कुठल्या कचेरीत आहे हे त्या कचेरीलाही ठाऊक नसायचं. परभणीला एका अडत्यानं विचारलं, "हिसाब येतो का?" मी म्हणालो, भाषा येते. तो म्हणाला, "ती तर माझ्या हमालाला बी येती."

घरी वहिनीचा हिशेब मात्र चालू होता. त्या विकलेल्या तिघींना काय काय झालं असतं, हे ती दर दोनचार महिन्यांनी सांगायची. "पैल्या वर्सी तिघींच्या तीन. त्यातल्या दोघी माद्या धरा. एक लांडग्यानं नेली." लांडगा ती न चुकता वजा करायची, लबाडी तिच्या अंगात नव्हती. मी जेवायला बसलो की ताटात कालवण वाढत म्हणायची, "भावजी, तुमची बी.ए. सात झाली." पुढच्या वर्षी, "नऊ झाली, एक आजारी हाय." आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो, पण रात्री झोपताना तो आकडा आठवायचा. ती दुसऱ्याच्या रानात कापूस वेचत होती आणि तिची मेंढरं माझ्या सर्टिफिकेटात अडकली होती.

शेवटी जिंतूरकडं ब्लॉक ऑफिसात जागा निघाली. काम असं, की सरकारच्या नव्या गोष्टी खेड्यात जाऊन लोकांना समजावून सांगायच्या. पदवीधर पाहिजे, बोलता येणारा पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझी बी.ए. पाहिजे होती. नेमणूक सहा महिन्यांची. काम दिसलं तर कायम, नाहीतर घर.

पहिलंच काम आलं ते मेंढरांना देवीची लस टोचून घ्यायला लावायचं. मला वाटलं, हे तर माझ्या घरचंच. बोरीच्या माळावर चारपाच धनगर कळप घेऊन उतरले होते. मी तिथं गेलो, उभा राहिलो आणि पशुधन, संवर्धन, प्रतिबंध असं कॉलेजातलं बोलायला लागलो. घोंगडी पांघरलेला एक म्हातारा बराच वेळ ऐकत होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, "कीर्तन हाय का नोटीस?"

तरी ते उठून गेले नव्हते. लस काय, पैसे पडतात का, विचारत होते. मग मी खिशातून तक्ता काढला. त्यात पहिलाच रकाना एकूण मेंढ्यांचा. मी पेन उघडून म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, तुमच्याकडं मेंढ्या किती?"

म्हातारा उठला, शीळ घातली आणि कळप घेऊन चालायला लागला. त्याच्यामागं दुसरा. घटकाभरात माळ मोकळा झाला आणि मी उघडं पेन घेऊन उभा.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, गावी जाऊन हे सांगितलं. बानं कपाळाला हात लावला. वहिनी पदर तोंडात धरून हसली.

"आवो, तुमच्या बानं कंदी मेंढरं मोजलेली बघितलाव का? मोजली की नजर लागती. एक कमी झाली तर तोंडावरून वळखू येती. बी.ए. व्हायला गेल्ताव का इसरायला?"

खरंच होतं. जन्मापासून जे पाहिलं ते मी चार वर्षांत विसरलो होतो.

"पण वहिनी, तुम्ही तर माझ्या बी.ए.ची मोजता."

"ती कुटं हायती? नसलेल्याला काय नजर लागायची?"

"मग मी तक्ता कसा भरू?"

ती म्हणाली, "सुई किती डाव टोचली ते मोजा. सुईला काय व्हत न्हाई."

मी परत बोरीला गेलो; म्हातारा पलीकडच्या शिवारात उतरला होता. तक्ता, पेन काही नेलं नाही. म्हाताऱ्याच्या वाघरीजवळ, म्हणजे त्याच्या जाळ्याच्या कुंपणाजवळ बसलो, माझा बाप कोण, वहिनीचं माहेर कुठलं ते सांगितलं आणि परवा चुकलं म्हणालो. म्हातारा म्हणाला, "शिकल्यालं पोरगं हाय, चुकायचंच." तिसऱ्या दिवशी त्याच्या कळपाला लस टोचली. मी फक्त सुया मोजल्या.

आता इथं माझ्या पदवीच्या बाजूनं बोलतो. आमचे साहेब पुण्याकडचे. त्यांनी रिकामा रकाना पाहून मला फैलावर घेतलं. मी त्या संध्याकाळी बसून दोन पानं लिहिली. रकाना रिकामा का, धनगर मोजत का नाही, मोजायला लावलं तर लस कुणीच घेणार नाही, आणि तोच आकडा टोचल्यावर आपोआप कसा मिळतो. साहेबांनी ती पानं दोनदा वाचली आणि ब्लॉकभर तसाच हुकूम काढला. हे सांगायला वहिनी पाहिजे होती आणि लिहायला बी.ए. पाहिजे होती. वहिनीचं बोलणं साहेबाच्या टेबलापर्यंत नेणं, हेच मी नांदेडला शिकलो होतो. सहा महिन्यांनी मी कायम झालो.

कायम झाल्यावरचा पहिला तनखा घेऊन मी परभणीच्या बाजारात गेलो आणि तीन मेंढ्या घेऊन घरी आलो. वहिनीनं एकीचा जबडा उघडून पाहिला.

"भावजी, ही तर माझ्या लग्नाआदीची हाय."

पुढच्या बाजाराला ती स्वतः माझ्याबरोबर आली. व्यापारी म्हणाला, "बाई, सायबांनी बघून घेतलीया. शिकल्याले हायती." ती म्हणाली, "म्हणूनच तर गावले तुला." आणि मेंढी बदलून घेतली. वाटेत मी म्हणालो, एवढ्यानं फिटत नाही, मला माहीत आहे. ती म्हणाली, "एकदम नगं. मेंढी वर्साला एक देती. तुमी बी तसंच द्या."

मी तसंच दिलं. दर साल एक मेंढी, तिच्या पसंतीची. महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ मॅट्रिक पास झाल्याचं कळलं.  तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं डाव्या कानाला चीर असलेल्या चार मेंढ्या कळपातून बाजूला काढल्या आणि मला विचारलं, "भावजी, नांदेडला फी कोंच्या महिन्यात भरावी लागती?"