लाल पतंगाची पाटी

संक्रांतीचा दुसरा दिवस. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांचा कनुमा सण. हजर: बाबा, भाऊ, वहिनी, वहिनीचे वडील आणि मी. कारण: बाबांच्या पतंग संग्रहालयाचं उद्घाटन.

संग्रहालय म्हणजे आमचं बंद पडलेलं बियाण्यांचं दुकान. सरकीच्या पोत्यांच्या जागी आता भिंतीभर पतंग, कपाटात चक्र्या आणि मांज्यासाठी काच कुटायचा खलबत्ता. तो स्वयंपाकघरात परत जाणार नाही, हे मी आधीच सांगून टाकलं होतं. पाट्यांचं अक्षर माझं, मजकूर बाबांचा.

फीत कापायचा मान वहिनीच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या इवायांचा. ते सकाळच्या बसनं राज्याच्या सीमेपलीकडून आले होते. कात्री हातात घेतली आणि दारातूनच त्यांना समोरचा लाल पतंग दिसला. खाली पाटी: ‘इवायांचा पतंग. मुलाच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आम्ही कापला.’

त्यांनी कात्री टेबलावर ठेवली.

“कापला नव्हता, तुटला होता,” ते म्हणाले. “पाटी काढा, इवाई. नाही तं मी जेवाले थांबत नाही.”

आत पुरण शिजत होतं. लेकीच्या घरून बाप उपाशी गेला, तर तिला ते माहेरी आणि सासरी दोन्हीकडे वर्षभर ऐकावं लागतं. भाऊ तरी कोणाची बाजू घेणार, एक त्याचा बाप, दुसरा सासरा.

बाबांनी विचारलं, तुटलेला पतंग कोणी भिंतीवर लावतं का? इवाई म्हणाले, तुमच्या मांज्यानं भेंडी चिरली जात नव्हती, पतंग काय कापणार?

शेवटी बाबांनीच तोड काढली. पतंगाला अजून दोरा आहे. मांज्यानं कापलेलं टोक साफ असतं, ओढीनं तुटलेलं पिंजलेलं. टोक बघू. इवायांना हे मान्य झालं. भावानं स्टुलावर चढून पतंग उतरवला. दोघांनी चष्मे लावले.

दोऱ्याला नीट गाठ मारलेली होती. गाठीपुढचा दोरा कात्रीनं छाटलेला.

“हे कोनं केलं?” बाबांनी विचारलं.

“मी, मामाजी,” वहिनी म्हणाली. “लोंबून राह्यला होता, बरा दिसत नव्हता.”

“कवा?”

“काल. माहे बाबा येनार म्हनून समजलं तवा.”

दोघांनी चष्मे काढले.

“पोरगी पुरी तुमच्या घरची झाली,” इवाई म्हणाले.

“नाही,” बाबा म्हणाले, “हे तुमच्याकडचंच वळण हाय.”

मी पाटी काढली. इवायांनी फीत कापली, हात धुतले आणि पोळीवर तूप मागून घेतलं. जेवताना बाबांनी ‘कापला’ हाच शब्द पुन्हा सुचवला, इवायांनी ‘तुटला’. मी ‘मिळाला’ लिहू का विचारलं. ते दोघांनाही एकदमच नापसंत पडलं.

बाकी सगळ्या पाट्या लागल्या आहेत. लाल पतंगासाठी पुठ्ठा कापून ठेवला आहे. मजकूर ठरला की लिहायचा.