चाळीस बाहुल्यांचे डोळे

आमच्या बाहुल्यांना डोळे सगळ्यांत शेवटी येतात. आधी पापनाशमकडच्या कालव्याकाठची माती आणून खालचा गोल, जड भाग करायचा, म्हणजे बाहुली कलंडली तरी परत उभी राहते. त्यावर चिंचोक्याच्या खळीत कालवलेला कागदाचा लगदा थापून अंग करायचं, वरून खडूच्या भुकटीचा हात द्यायचा, मग गेरू आणि हळद. व्हार्निश नाही, जर नाही, चमकी नाही. तंजावरात चकचकीत बाहुल्या विकणारे पुष्कळ पडलेत. आमचा माल गावठी, आणि गावठी म्हणूनच तो खपतो.

डोळे फक्त अक्का काढते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, चांगली नऊ वर्षांनी मोठी. तिचे यजमान गेल्यावर ती ओरत्तनाडूहून माझ्याकडे राहायला आली. मी लग्नच केलं नाही. दोघींचं घर या बाहुल्यांवर चालतं. हात तिचे आणि तोंड माझं, अशी आमची वाटणी. गिऱ्हाईक, फोन, पार्सल, भांडण, सगळं माझ्याकडे. भांडण तर मला फारच छान जमतं.

डोळे काढायचे नियम आईपासून चालत आलेले. सकाळी न्हाऊन पूर्वेला तोंड करून बसायचं. नारळाचा हीर घ्यायचा, टोक चावून मऊ करायचं आणि समईच्या काजळीत बुडवायचं. आणि त्या वेळी समोर कुणीही थांबायचं नाही. बाहुलीची पहिली नजर काढणारीवरच पडली पाहिजे. म्हणून अक्का मागच्या खोलीत एकटी बसते आणि मी स्वयंपाकघरात. हा नियम लक्षात ठेवा. मी जे केलं ते त्याच्याच आडोशाने केलं.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात मी कॉफी गाळत होते आणि मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं. मला अक्काची पाठ आणि उजवा हात दिसत होता. हात थरथरत होता. तिने हीर खाली ठेवला, हात पदरात गुंडाळून मांडीवर दाबून धरला, जरा वेळाने पुन्हा उचलला. मी कॉफीचा डवरा-पेला घेऊन गेले तोवर तिने सगळं आवरलं होतं.

“झाले की गे सहा,” ती म्हणाली.

म्हटलं, वय झालं, हात थोडा हलणारच. मनातल्या मनात बोलून मोकळी झाले.

त्या सहा बाहुल्या चेन्नईच्या एका दुकानवाल्या बाईंना गेल्या. आठवड्याभरात बाईंचा फोन. एरवी त्या माझ्याशी चार शब्दांत बोलायच्या, त्या दिवशी पाऊण तास. “या वेळचे डोळे काय आहेत! काय ती लाइन! एकदम रॉ, एकदम प्रिमिटिव्ह! तुम्ही मुद्दाम असं केलंत का?” मी म्हटलं, “आमची जुनी पद्धत आहे ही.” कसली पद्धत नि काय! पण जीभ अशी घसरली की मलाच पत्ता नाही. बाईंनी तिथल्या तिथे नवरात्रातल्या कोलूसाठी मोठी ऑर्डर दिली. आमच्याकडे कोलू म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. आमचं वर्षभराचं पोट त्या नऊ दिवसांवर. एवढी ऑर्डर आम्हाला आयुष्यात मिळाली नव्हती.

“तुझे डोळे आवडले त्यांना,” मी अक्काला सांगितलं. का आवडले ते सांगितलं नाही.

“या वयात?” ती लाजून हसली. “बरीच आहे की ती बाई!”

तिथून मी रोज दार थोडं उघडं ठेवू लागले. आता हे लिहिताना माझीच मला शरम वाटते, पण ठेवत होते हे खरं. काळजीने बघत होते म्हणावं, तर तेवढी मी चांगली नाही. मी माल बघत होते. रेघ सुरुवातीला सरळ जायची. खालच्या पापणीच्या वळणावर दुहेरी व्हायची. आणि उजव्या डोळ्याच्या शेवटी हात एकदम वर उडायचा, त्याने कोपऱ्यात एक बारीकसं शेपूट यायचं. ते शेपूट बाईंना फार आवडायचं. दिवसेंदिवस ते लांब होत चाललं होतं.

अक्का वाळतही चालली होती. चैत्र संपता संपता ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागले, तेव्हा तिनेच माझ्यापुढे आणून टाकले. “हे बघ गे, माझे आहेत की दुसऱ्या कुणाचे?” मी म्हटलं, “उपास कमी कर.” आणि मशीनवर बसून प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी एकेक टीप घातली. आषाढात ते पुन्हा सैल झाले. मी पुन्हा टीप घातली. तेव्हा मात्र काळजात चर्र झालं होतं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, नवरात्र होऊ दे, मग दाखवून आणू. औषधाने हात स्थिर झाला आणि ऑर्डर अर्धवट राहिली तर? हा विचार मी अगदी याच शब्दांत केला होता. कुणाला सांगितला नव्हता, आज सांगते.

नवरात्राच्या पाचव्या दिवशी गच्चीवरून गावातल्या गिऱ्हाइकांसाठी वाळत घातलेल्या बाहुल्यांची पाटी आणताना अक्का जिन्यात मटकन बसली. छाती धडधडत होती. पाटी मात्र तिने सोडली नव्हती. मी रिक्षा बोलावली आणि तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद फडफडत राहिला. मग त्यांनी तिचा गळा चाचपला. थायरॉइड खूप वाढलं आहे म्हणाले, त्यानेच हात थरथरतात, वजन उतरतं, हृदय धावत सुटतं. ते गोळ्यांनी ताब्यात येईल. “पण हृदयाचे ठोके आता चुकायला लागलेत. त्याचं औषध जन्मभर घ्यावं लागणार. थोडं आधी आणायला हवं होतं. हात केव्हापासून असा आहे?”

अक्काने माझ्याकडे बघितलं.

“मला आजच कळलं,” मी म्हणाले.

अक्काने मान खाली घातली. रिक्षात बसल्यावर माझा हात धरून म्हणाली, “तुझा काय दोष? मीच लपवत होते. तुला कामाचं ओझं, त्यात माझं कशाला.”  तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. आणखी किती वेळा हे ‘हवं होतं’ लिहू?

गोळ्या लागू पडल्या. पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांत येईतो, अक्काच्या अंगावर मांस आलं, झोप लागू लागली आणि हात स्थिर झाला. ती अशी हरखली! पुढच्या पार्सलाच्या चाळीस बाहुल्यांना तिने जे डोळे काढले, ते मी लहानपणापासून बघत आलेले डोळे होते. लांब, शांत, एका ओढीत काढलेले. मला म्हणाली, “आता पाठव त्या बाईंना. मधले सगळे नुसते बिघडलेलेच गेले, बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत.”

बारा दिवसांनी खोका परत आला. बाईंचा फोन त्याआधीच आला होता. “यात जीव नाही हो. फॅक्टरीतले वाटतात. तुमचा आधीचा कारागीर कुठे गेला?” माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की म्हणावं, बाई, तो कारागीर बरा झाला! पण ही बाई गेली तर घर कशावर चालवायचं, हाही प्रश्न होताच. मी म्हटलं, “करून देते.”

अक्का तेव्हा दोन दिवस पापनाशमला एका लग्नाला गेली होती. खोका आल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. मी ओल्या फडक्याने चाळीसच्या चाळीस बाहुल्यांचे डोळे पुसले, त्यावर खडूचा हात दिला, हीर चावला आणि बसले. न्हाले नव्हते, पूर्वही बघितली नाही. जन्मात कधी डोळे न काढलेली मी, पण हात अडला नाही. रेघ कुठे सरळ, कुठे दुहेरी, कुठे उडायची, सगळं पाठ होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अडतीस झाल्या.

अक्का लवकरच्या बसने परतली. पिशवी खाली ठेवून ती दारात उभी राहिली आणि ओळीने मांडलेल्या बाहुल्या बघू लागली. मग वाकून एक उचलली.

“हे माझे डोळे,” ती म्हणाली. बाहुली उजेडाकडे फिरवली. “पण मी नाही काढले.”

“खोका परत आला, अक्का. त्यांना तसलेच हवेत.”

तिने बोटाने त्या उजव्या डोळ्याच्या शेपटावरून हात फिरवला. “हे शेवटचं सुद्धा? हात उडायचा तो तर मी तुला कधीच दिसू दिला नव्हता. दारातून बघायचीस?”

मी मान हलवली.

“केव्हापासून गे?”

“चैत्रापासून.”

“मला वाटायचं, तुझ्या लक्षातच आलं नाही.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मीही ओरडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. तिने बाहुली होती त्या जागी ठेवली आणि पाय धुवायला न्हाणीत गेली. मागून मी म्हटलं, “ऑर्डर होती, अक्का.” पाण्याचा आवाज येत होता. तिला ऐकू गेलं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

उरलेल्या दोन मीच पुऱ्या केल्या आणि त्या बाहुल्या गेल्या. बाई खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी झाल्यावर अक्काने आपले सगळे ब्लाऊज आणून माझ्या मांडीवर ठेवले.

“घट्ट होतात,” ती म्हणाली. “टिपा उसव. तूच घातल्यास.”

मी ब्लेड घेऊन बसले. प्रत्येक ब्लाऊजला दोन्ही बाजूंना दोन दोन टिपा होत्या. आतली आषाढातली, बाहेरची चैत्रातली.